आढ्यावरील धूळ आणि तिचा स्फोट

शेतकऱ्याच्या घरीं आगीची भीति जुनीच आहे. गवताची गंज, पेंढ्याची उडवी, गोठ्यावरील वैरण यांस आग लागूं नये म्हणून काय करावें हें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. परंतु पीठ, कोंडा, लांकडाचा बारीक भुसा, साखरेची भुकटी, मसाल्याची पूड अशा पदार्थांची धूळ हवेंत तरंगत असतां पेटली तर ती बंदुकीच्या दारूप्रमाणें उडते, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाहीं. आम्हांसही ती ठाऊक नव्हती, आणि त्या अज्ञानापायीं आमच्या हातून सरकारी कागदावर एक चूक झाली. ती आधीं सांगतों, म्हणजे पुढील विवेचन कशासाठीं तें वाचकांच्या ध्यानांत येईल.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्ही तहसील कचेरींत कारकून असतां वसईच्या पूर्व पट्ट्यांतील एका भातगिरणीस आग लागल्याची वर्दी आली. मार्गशीर्षाचे दिवस होते आणि नवें भात गिरणीवर येऊं लागलें होतें. तलाठी व दोन पंच यांसह आम्ही तेथें गेलों, तों छपराचे पत्रे शेजारच्या वावरांत जाऊन पडलेले, एक भिंत बाहेरच्या अंगास समूळ ढांसळलेली, आणि आंत जळलेलें म्हणावें असें फारसें कांहींच नाहीं. भाताचीं पोतीं वरून करपलीं होतीं, पण फोडून पाहिलीं तर आंतील दाणा शाबूत. दोन मजूर भाजले होते; त्यांपैकीं एक तिसऱ्या दिवशीं रुग्णालयांत वारला.

साक्षीदारांनीं एक गोष्ट एकमुखानें सांगितली ती ही कीं, आवाज दोन झाले. पहिला लहान, वाऱ्यानें दार आपटावें तसा. मग एक श्वास घ्यावा इतका अवकाश. आणि मग दुसरा, ज्यानें पत्रे उडाले. आम्ही तें जबाबांत लिहून घेतलें, पण त्याचा अर्थ आम्हांस लागला नाहीं. पंचनाम्यांत आगीच्या कारणाचा उल्लेख करावा लागतो. तेथें आम्ही 'विजेचा दोष' असें लिहिलें. कारण कळलें नाहीं म्हणजे तेंच लिहावयाचें, असा कचेरींत प्रघातच पडून गेला होता. परिणाम काय झाला? ज्या गरीब माणसानें त्या गिरणीच्या तारा जोडल्या होत्या त्याच्यावर बोट आलें आणि त्याला गांवांत काम मिळेनासें झालें. गिरणीच्या मालकानें भिंत पुन्हां बांधली, तारा सगळ्या नव्या घातल्या, आणि आपण आतां निर्धास्त झालों असें मानून गिरणी चालूं केली. ज्या धुळीनें हा अनर्थ केला ती धूळ नव्या छपराखालीं पुन्हां पहिल्यासारखीच साचूं लागली.

सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली. अमेरिकेंतील एका साखर कारखान्याच्या अपघाताची हकीकत वाचीत असतां तेच दोन आवाज आम्हांस पुन्हां भेटले आणि आमचा पंचनामा डोळ्यांपुढें उभा राहिला. तेव्हांपासून या विषयावर मिळेल तें वाचीत आलों आहों.

मूळ गोष्ट तशी सोपी आहे. दशावताराच्या किंवा सोंगांच्या खेळांत मशालीवर राळेची पूड फेंकतात, तेव्हां ज्वाळेचा केवढा लोळ उठतो तें सर्वांनीं पाहिलें असेल. तीच राळ खड्याच्या रूपानें मशालीस लावली तर ती धुमसत बसेल. तुसाचेंही तसेंच. वीटभट्टींत घातलेलें तूस दिवसचे दिवस आंतल्या आंत जळत राहतें, भडकत नाहीं. कारण राशीच्या पोटांत हवा पुरेशी शिरत नाहीं. जळणें म्हणजे पदार्थाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होणें, आणि हा संयोग पदार्थाच्या पृष्ठभागावरच होतो. एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा लांकडाचा ठोकळा घेतला तर त्याच्या साही बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. त्याच ठोकळ्याचे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे कण केले तर पृष्ठभाग सहाशें चौरस सेंटिमीटर होतो. लांकूड तेवढेंच, पण हवेशीं त्याची गांठ शंभरपट ठिकाणीं पडते. त्यांतून तो प्रत्येक कण सुटा होऊन हवेंत लोंबकळत असला तर एका कणाची आग शेजारच्या कणास डोळ्याचें पातें लवावयाच्या आंत लागते. उष्णतेनें हवा फुगते. तिला बाहेर जावयास वाट नसली तर ती भिंती फोडून वाट करते. बंद पात्रांत असा स्फोट घडविला असतां दाब वातावरणाच्या सात-आठपट होतो असें प्रयोगांतीं दिसून आलें आहे. साधी विटांची भिंत त्याच्या एका लहानशा अंशानेंच पडते.

म्हणजे या स्फोटास पांच गोष्टी एकत्र याव्या लागतात: जळूं शकणारी बारीक धूळ, हवा, ठिणगी, धुळीचा ढग, आणि कोंडलेली जागा. यांतील हवा आपल्या हातची नाहीं. राहिलेल्या चारांपैकीं एक जरी काढून घेतली तरी स्फोट टळतो. येथें एक खुलासा करणें जरूर आहे. धूळ म्हणजे सगळीच धूळ नव्हे. आमच्या पूर्वेकडील दगडखाणींची धूळ, सिमेंट, चुना, रस्त्याची माती हीं छातीस वाईट, पण तीं पेटत नाहींत. उलट कोळशाच्या खाणींत दगडाची भुकटी मुद्दाम पसरून ठेवितात, कीं कोळशाची धूळ उडालीच तर तिच्यांत ती मिसळून आग पुढें सरकूं नये. पेटते ती धान्याची, पिठाची, कोंड्याची, साखरेची, हळद-मिरचीची, लांकडाची, कापसाची, कोळशाची, पुष्कळशा प्लास्टिकांची, आणि धातूंपैकीं ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांची. कण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक झाले कीं भय सुरू झालें असें समजावें. 1944 सालच्या एप्रिलांत मुंबईच्या गोदींत जो मोठा स्फोट झाला तो जहाजावरील दारूगोळ्याचा होता. त्याची गोष्ट निराळी. आम्ही सांगतों आहों त्या स्फोटास दारूगोळा लागत नाहीं, घरांतील पीठ पुरतें.

हें ज्ञान नवें नाहीं. इटलीतील तुरीन शहरीं 14 डिसेंबर 1785 रोजीं एका पाववाल्याच्या पिठाच्या कोठारांत स्फोट झाला. काउंट मोरोत्सो नांवाच्या गृहस्थानें त्याची चौकशी करून सविस्तर टिपण लिहिलें. एक पोऱ्या दिव्याच्या उजेडांत पीठ ओढीत असतां वरचा ढीग एकाएकीं घसरून खालीं आला, पिठाचा ढग झाला, आणि तो दिव्यावर पेटला. त्या वर्षीं तिकडे कित्येक महिने पाऊस नव्हता व पीठ नेहमींपेक्षां फार कोरडें होतें, असें मोरोत्सोनें मुद्दाम नमूद केलें आहे. ही कोरडेपणाची गोष्ट आम्हां वसईकरांस विशेष लागू आहे. समुद्राच्या दमट हवेंत आपणांस हें भय नाहीं असें कोणास वाटेल, आणि पावसाळ्यांत तें कांहीं अंशीं खरेंही असेल. पण भात झोडून गिरणीवर नेण्याचे दिवस म्हणजे कार्तिक ते माघ. वर्षांतील कोरडी हवा तेव्हांच असते, आणि यंत्राच्या उष्णतेनें गिरणीच्या आंतली हवा बाहेरपेक्षांही कोरडी होते. आमच्या पंचनाम्यावरील तारीख त्याच दिवसांतील होती.

पुढें अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें 2 मे 1878 रोजीं त्या देशांतील सर्वांत मोठी पिठाची गिरणी उडाली आणि अठरा माणसें मेलीं. दगडी जात्यांत धान्य नसतां तीं कोरडीं फिरत राहिलीं, दगडावर दगड घासून ठिणगी पडली, असा निष्कर्ष तज्ज्ञांनीं काढला. जातें रिकामें फिरवूं नये हा आपल्या घरांतला जुना दंडक दळणाच्या भल्यासाठीं आहे. त्यांत जिवाचेंही भलें आहे हें तिकडच्यांस अठरा जीव देऊन कळलें. आपल्या देशांत या जातीचे मोठे घात कोळशाच्या खाणींत झाले. धनबादजवळच्या कोळसापट्ट्यांतील ढोरी खाणींत 28 मे 1965 रोजीं कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन दोनशें अडुसष्ट माणसें गेलीं.

आतां ती साखर कारखान्याची हकीकत. ज्या महाराष्ट्रांत उसावर लाखों शेतकऱ्यांचा संसार चालतो तेथें ती माहीत असणें अवश्य आहे. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यांत 7 फेब्रुवारी 2008 रोजीं स्फोट झाला व चौदा कामगार मेले. तेथें साखरेच्या उंच कोठ्यांखालून एक वाहक पट्टा जात असे. पट्टा उघडा असेपर्यंत साखरेची भुकटी मोठ्या जागेंत पसरून विरळ होई. पुढें साखरेंत केर पडूं नये या सद्धेतूनें त्या पट्ट्यावर पोलादी पत्र्यांचें आच्छादन घातलें. साखर स्वच्छ राहिली; पण आंतील धूळ दाट होऊं लागली आणि दाब बाहेर जावयास आच्छादनास कोठें झडप ठेविली नव्हती. बहुधा एखाद्या तापलेल्या बेअरिंगपासून ती पेटली. हा पहिला स्फोट. एवढ्यावर भागतें तर एक पट्टा मोडला असता आणि थोडीं माणसें भाजलीं असतीं. परंतु कारखान्याच्या मजल्यांवर, तुळयांवर, यंत्रांच्या माथ्यांवर साखरेची भुकटी साचून राहिली होती. पहिल्या धक्क्यानें ती सगळी झटकली जाऊन हवेंत आली, आणि पाठोपाठ येणाऱ्या ज्वाळेनें ती पेटली. मजल्यामागून मजले उडत गेले. माणसें मेलीं तीं मुख्यतः या दुसऱ्या स्फोटानें.

येथें आमच्या दोन आवाजांचा उलगडा होतो. पहिला आवाज यंत्राच्या पोटांतला, दुसरा छपराखालचा. आमच्या भातगिरणींतही बादल्यांनीं भात वर चढविणाऱ्या एलिव्हेटरच्या पेटींत प्रथम भडका झाला असावा. तिचा पत्रा फुगून फाटलेला आम्ही स्वतः पाहिला होता, आणि तो पडझडींत फाटला असें समजून सोडून दिला होता. त्या धक्क्यानें आढ्यावरचा वर्षानुवर्षांचा कोंडा खालीं आला आणि त्यानें छप्पर नेलें.

धूळ किती साचली म्हणजे घात होतो, याचें त्रैराशिक आम्ही मांडून पाहिलें. वाचकांनींही मांडून पाहावें. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद व पांच मीटर उंच असा गाळा घ्या. जमीन ऐंशीं चौरस मीटर, आंतील हवा चारशें घनमीटर. जमिनीवर व इतर ठिकाणीं मिळून पिठाचा एक मिलिमीटर थर तेवढ्या क्षेत्रावर बसला असें धरा. मोकळें पीठ घनमीटरास सुमारें पांचशें किलो भरतें. तेव्हां त्या थराचें वजन चाळीस किलो झालें. पन्नास किलोचें पोतेंही भरणार नाहीं इतका हा ऐवज. तो सगळा हवेंत उडाला तर दर घनमीटर हवेंत शंभर ग्रॅम पीठ येतें. आणि पिठाचा ढग पेटावयास घनमीटरास पन्नास-साठ ग्रॅम पुरेसे होतात. म्हणजे अर्ध्याहून थोडा अधिक थर उडाला तरी गाळा भरला. नखाच्या जाडीइतका थर आपल्या डोळ्यांस केर वाटतो, तो असा हिशेब लागल्यावर पोत्यांत मोजावा लागतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर लोक उगाच घाबरतील. पेटूं शकेल इतका दाट ढग म्हणजे जवळजवळ भिंतच असते. घनमीटरास चाळीस ग्रॅमपेक्षां अधिक धूळ असली तर दोन मीटरांवरचा पंचवीस वॉटचा दिवा दिसेनासा होतो. अशा हवेंत माणूस उभाच राहूं शकत नाहीं. तेव्हां माणसें काम करीत आहेत त्या खोलींतील नेहमींची धूसर हवा सहसा पेटत नाहीं. गल्लींतील पिठाची चक्की, जिचें दार दिवसभर उघडें असतें, तिच्यासंबंधीं आम्हांस मोठी धास्ती वाटत नाहीं. दाट ढग असतो तो यंत्राच्या, नळाच्या, कोठीच्या पोटांत. आणि खोलींत तो उत्पन्न होतो तो पहिल्या धक्क्यानंतर. म्हणूनच उडत्या धुळीपेक्षां बसलेल्या धुळीचें भय आम्ही अधिक मानतों.

भातगिरण्या आतां आपल्याकडे थोड्या राहिल्या. परंतु विषय संपला असें नव्हे. तो आपल्या बांधापर्यंत आला आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार, कामण या बाजूंस ज्या जमिनींवर आम्ही पीकपाहणीच्या नोंदी केल्या त्यांपैकीं पुष्कळ जमिनींवर आज गाळे उभे आहेत. कांहीं गाळ्यांचे मालक या मासिकाचे वाचक आहेत, आणि गांवांतील मुलें तेथें कामास जातात. कोणी लांकडी सामान करतो व रंध्याचा भुसा कोपऱ्यांत ढकलतो. कोणी मसाला कांडतो. कोणी धातूच्या वस्तूंस चकाकी आणतो, ज्यास तेथील कारागीर बफिंग म्हणतात. या शेवटल्या कामाकडे लक्ष ओढणें आम्हांस भाग आहे. चीनमध्यें कुन्शान येथें मोटारींच्या चाकांस चकाकी आणण्याच्या कारखान्यांत 2 ऑगस्ट 2014 रोजीं ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला. त्या दिवशीं पंचाहत्तर माणसें मेलीं आणि पुढें भाजलेले दगावत जाऊन आंकडा एकशें शेचाळीसवर गेला. धूळ ओढून घेणारें यंत्र तेथें होतें. पण तें वेळेवर साफ होत नसे, आंतील धूळ ओलसर होऊन आपोआप तापली, आणि नळांतून आग उलट कारखान्यांत आली. आपल्याच राज्यांत नागपूर जिल्ह्यांतील उमरेड येथें 2025 सालच्या एप्रिलांत ॲल्युमिनियमचें काम करणाऱ्या कारखान्यांत स्फोट होऊन किमान पांच कामगार प्राणांस मुकले. ॲल्युमिनियमच्या धुळीचा विशेष असा कीं, तिला पाणी लागलें कीं त्यांतून हायड्रोजन वायु निघतो, जो स्वतःच ज्वालाग्राही आहे. ती पेटली असतां घाबरून पाण्याची बादली ओतणें म्हणजे आगीस तेल देणें होय. तेथें कोरडी वाळू हळूच पसरावी.

आतां उपाय. पहिला व सर्वांत स्वस्त उपाय झाडू हाच आहे, पण झाडू कसा मारावा हेंही शिकावें लागतें. यंत्रें बंद करावीं, तीं निवूं द्यावीं. मग आढ्यापासून आरंभ करून खालीं यावें. मऊ झाडू व ओलसर फडकें वापरावें. (हें धान्य, पीठ व लांकूड यांविषयीं, ॲल्युमिनियमच्या धुळीस ओलें फडकें लावूं नये.) हवेच्या नळीनें फुंकर मारून धूळ उडविण्याची जी रीत गाळ्यांतून सर्रास दिसते ती अत्यंत वाईट; ज्या ढगाला आपण भ्यावयाचें तो ढग ती स्वतःच तयार करते, आणि खालची धूळ वर आढ्यावर नेऊन बसविते. घरगुती व्हॅक्यूम यंत्रही कामाचें नाहीं, कारण त्याच्या मोटरींत ठिणग्या पडतात. या कामासाठीं वेगळीं बनविलेलीं यंत्रें मिळतात. तुळया, खिडक्यांचे कट्टे, दिव्यांच्या छत्र्या, विजेच्या पेट्यांचे माथे हीं धूळ बसण्याचीं ठिकाणें. नवें बांधकाम करणाऱ्यानें कट्टे सपाट न ठेवितां उतरते करावे, म्हणजे धूळ टिकत नाहीं. तुळईस धुळीच्या उलट रंग द्यावा, पांढऱ्या पिठाच्या गिरणींत गडद व काळपट धुळीच्या जागीं पांढरा. खालून पाहतां रंग दिसेनासा झाला कीं शिडी लावावी. मालकानें हें काम मजुरावर टाकून गादीवर बसूं नये. शिडीवर चढावयास कोणासच आवडत नाहीं, आणि आढें तेवढें राहून जातें.

दुसरें, ठिणगी. सर्वांस विडीची व उघड्या दिव्याची आठवण होते. पण अधिक घात होतो तो बेअरिंग कोरडें पडल्यानें, पट्टा घसरून कप्पी तापल्यानें, आणि भातांतून आलेला खिळा वा खडा आंत आपटल्यानें. बेअरिंगच्या घराला तळहात लावावा. हात ठेववत नसेल तर यंत्र थांबवावें. भात आंत सोडण्याच्या तोंडाशीं चाळण व लोहचुंबक बसवावा; खर्च थोडा आहे आणि दाताखालीं खडा येत नाहीं हा लाभ वेगळाच. यंत्र तुंबलें असतां पट्टा तसाच फिरत ठेवूं नये. मोटरीवर धुळीची गोधडी चढली म्हणजे तिची उष्णता बाहेर जात नाहीं आणि तो थर आंतल्या आंत धुमसूं लागतो; त्याचा एखादा निखारा खालीं पडला कीं काम झालें. दिवे व कळा धूळ आंत न शिरणाऱ्या जातीचे घ्यावेत. धातूच्या नळांस व पेट्यांस जमिनीशीं तार जोडावी, कारण कोरडी पूड नळांतून धांवतांना घर्षणानें वीज उत्पन्न होते. आणि वेल्डिंग! दुरुस्तीच्या दिवशीं गिरणी बंद आहे, आतां कसली भीति, असें म्हणून लोक धुळीनें माखलेल्या नळावर वेल्डिंग लावतात. आधीं नळ आंतून रिकामा करावा, भोंवतालची जागा झाडून पुसून घ्यावी, काम झाल्यावर निदान तासभर कोणीतरी तेथें बसून राहावें.

तिसरें, वाट. ज्या पेटींत वा कोठींत धूळ दाट होणारच, तिला एका अंगास हलकें झांकण ठेवावें, कीं दाब वाढतांच तें उडून ज्वाळा मोकळ्या जागेंत जाईल व पेटी वांचेल. तें झांकण रस्त्याच्या, अंगणाच्या किंवा मजुरांच्या बसण्याच्या बाजूस कधींही नसावें. धूळ ओढणारें यंत्र होतां होईल तों इमारतीच्या बाहेर उभें करावें. याचें माप कसें धरावें तें जाणत्या अभियंत्यास विचारावें. तें आमचें काम नव्हे.

कायद्याविषयीं थोडें. 1948 सालच्या कारखाना कायद्याच्या 37 व्या कलमांत हेंच सांगितलें होतें: यंत्र बंदिस्त करा, धूळ साचूं देऊं नका, ठिणगीचीं कारणें दूर ठेवा, आणि दाबास वाट द्या. त्या कायद्याची जागा आतां 2020 सालच्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. परंतु विजेवर चालणाऱ्या कामावर वीसांपेक्षां कमी माणसें असलीं तर तें काम सामान्यतः कारखान्याच्या व्याख्येंत येत नाहीं, आणि आपल्याकडील पुष्कळ गाळे असे सात-आठ माणसांचेच आहेत. तेथें निरीक्षक येईल या भरंवशावर कोणी राहूं नये. गाळा भाड्यानें देतांना आपण भाडें, अनामत व मुदत एवढेंच पाहतों. करारांत दोन ओळी अधिक घालाव्या: कोणत्या पदार्थाचें काम होणार तें, आणि धूळ काढण्याची व्यवस्था काय तें. महिन्यांतून एकदां भाडें घ्यावयास जावें तेव्हां मान वर करून आढें पाहावें. पाहुण्यास घर दाखवावयास सांगतात तितक्या सहजपणें हें सांगतां येतें, आणि भाडेकरूस राग येण्याचें कारण नाहीं. आंत काम करणाऱ्यांत त्याचाही जीव आहे.

एक इशारा मुलाबाळांच्या बाबतींत. तैवानमध्यें 27 जून 2015 रोजीं एका जलक्रीडेच्या बागेंत तरुण मंडळी नाचत असतां त्यांच्यावर मक्याच्या पिठाची रंगीत पूड यंत्रानें उडविण्यांत आली. ती पेटून पंधराजण मेले व सुमारें पांचशें भाजले. जागा उघडी होती, म्हणून भिंती उडाल्या नाहींत. पण अंगावर, केसांत व पायांखालीं पूडच पूड होती. आपल्याकडे मिरवणुकींत गुलाल हातानें उधळीत, त्यांत हें भय नव्हतें. हल्लीं तो यंत्रांतून फवारतात, शेजारीं फटाके व तापलेले दिवे असतात, आणि पूड पुष्कळदां पिठाचीच असते. मंडळांतील जाणत्या माणसांनीं हें यंत्र वापरूंच देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ज्या तार जोडणाऱ्या माणसाविषयीं आरंभीं लिहिलें तो पुढें मुलाकडे विरारास राहावयास गेल्याचें आम्हांस कळलें. आम्ही त्याचें घर शोधून काढलें आणि हें सर्व त्यास समजावून सांगितलें. त्यानें सगळें ऐकून घेतलें व म्हणाला, "भाऊसाहेब, तारा माझ्या नव्या होत्या. मी तेव्हांच सांगितलें होतें." त्यानें तें सांगितलें होतें हें खरें, जबाबाच्या दुसऱ्या पानावर तें आमच्याच अक्षरांत आहे.

राहतां राहिली प्रत्यक्ष आग लागल्या वेळची गोष्ट. कोठींतून किंवा भुशाच्या खोलींतून जळका वास येऊं लागला, आंत धुमसत आहे असें वाटलें, तर झांकण उघडून पाहूं नये. हवा आंत शिरते आणि वरची धूळ खालीं पडते. यंत्रें व पंखे बंद करावे, माणसें बाहेर काढावीं. पाणी मारावयाचेंच तर झारीसारखें हलकें शिंपावें. जोराची धार राशीवर सोडल्यास धूळ उडून ढग होतो. अग्निशमन दलास 101 वर वर्दी देतांना नुसतें 'आग लागली' असें सांगूं नये. आंत कोणती पूड आहे, किती आहे, आणि ती धातूची आहे किंवा कसें, हें पहिल्याच वाक्यांत सांगावें, म्हणजे बंबावरील माणसांस पाणी आणावें कीं वाळू तें निघण्यापूर्वींच कळेल.